‘समाप्त’च्या आधीची सळसळ

धाकटी आंधळी होती. याहून गोड शब्द लोकांनी शोधून काढलेत, पण ते डोळसांच्या सोयीचे. त्यातल्या एकानेही धाकटीला कधी जिना चढवला नाही. ती स्वतःला आंधळीच म्हणायची, आणि समोरचा चपापला की तिला जरा मजा यायची.

नोकरी तिची कानांची होती. इस्पितळातले डॉक्टर तपासणीचे अहवाल यंत्रात बोलून ठेवत. धाकटी पायाखालचं पेडल दाबत, थांबवत, मागे नेत ते टाइप करी. डॉक्टर मधेच शिंकला किंवा कुणाला ‘दार लाव रे’ म्हणाला तर ते सोडायचं, पण अहवालातला शब्द गाळायचा नाही, हा त्या खात्याचा कायदा. एकदा एका डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याबद्दल फार कडू बोलून ठेवलं होतं. शेजारच्या खुर्चीतली मैत्रीण म्हणाली, हे गाळूया, वाचून घरच्यांना वाईट वाटेल. धाकटीने ते जसंच्या तसं टाइप केलं. आपण कोण गाळणार, म्हणाली. तोंड त्यांचं, आपण फक्त कान.

घरी मात्र तिचे कान ताईच्या हवाली असत. ताई सख्खी, बरीच मोठी. आईवडील गेल्यावर दोघीच उरल्या. ताईने लग्न केलं नाही. का केलं नाही हे दोघींनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती गोष्ट घरात अवजड कपाटासारखी उभी होती आणि दोघी तिला वळसा घालून चालत. ताई लहानपणापासून धाकटीला वाचून दाखवायची. पुढे ती आठवड्यातून एकदोनदा बोलक्या ग्रंथालयात जाऊन सगळ्याच आंधळ्यांसाठी वाचू लागली.

बोलकं ग्रंथालय म्हणजे एका कचेरीच्या इमारतीत माडीवर असलेल्या तीन खोल्या. त्यातल्या एकीत भिंतींना फोम चिकटवून मोठ्या कपाटाएवढी ध्वनिमुद्रणाची जागा केलेली. आत एक खुर्ची, एक माइक, एक पुस्तक आणि घाम. तिथे बसून डोळस माणसं वाचायची आणि बाहेर आंधळे ऐकायचे. लेखकाला विचारायचं नाही, प्रकाशकाला विचारायचं नाही. ही चोरी नव्हे. कायद्यानेच तेवढी वाट मोकळी ठेवली होती: ज्याला छापलेलं वाचता येत नाही त्याच्यासाठी, नफा न घेता, तेच पुस्तक दुसऱ्या रूपात करून द्यायचं तर कुणाची परवानगी लागत नाही. ग्रंथपाल, ज्यांना सगळे काका म्हणत, हे प्रत्येक नव्या वाचकाला बजावून सांगत आणि शेवटी ‘तेच पुस्तक’ या शब्दांवर बोट आपटत. वाचणारे मान हलवत. मान हलवायला काय जातं?

काकांचे बाकीचे नियम ताई पाळायची, दोन सोडून. एक म्हणजे पान उलटताना आवाज करायचा नाही. ताई बोटाला थुंकी लावल्याशिवाय पान उलटूच शकत नसे. आधी ‘प्स्’ असा ओला आवाज, मग कागदाची सळसळ. काका कपाळावर हात मारायचे. धाकटी म्हणायची, राहू द्या हो काका, ती सळसळ ऐकली की ताई शेजारी बसल्यासारखी वाटते. दुसरा नियम, पुस्तक आधी घरी वाचून यायचं. ताई म्हणे, शेवट आधी कळला की माझ्या आवाजात दिसतो. तू जशी पहिल्यांदा ऐकतेस तशीच मीही पहिल्यांदाच वाचणार.

धाकटीचं सगळ्यात लाडकं पुस्तक दोन बहिणींचं होतं. थोरली डोळस, धाकटी आंधळी. ताईने ते कपाटात पाहिलं तेव्हा हसत हसत उचललं होतं, बघ गं, आपल्यावरच कुणीतरी लिहिलंय. पुस्तकात दोघी भांडायच्या, टोमणे मारायच्या, एकमेकींचे टॉवेल वापरायच्या, आणि शेवटी बाल्कनीत बसून वाटाणे सोलता सोलता कशावरून तरी हसत सुटायच्या. तिथे पुस्तक संपे. शेवटच्या वाक्यानंतर मुद्रणात बराच वेळ शब्द नव्हता. नुसतं प्स्, सळसळ. मग काही नाही. पुन्हा प्स्, सळसळ. मधे कुठेतरी पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज. आणि मग ताईचा जरा बसलेला आवाज: समाप्त.

धाकटीला वाटायचं, ताईचा गळा भरून आला असणार, ती मागची पानं चाळत बसली असणार. त्या शांततेवर तिचा पुस्तकाइतकाच जीव होता.

ते पुस्तक ऐकलं त्याच दिवसांत मुख्य कार्यालयाने तिला दुसऱ्या शहरात बोलावलं होतं. नव्या मुलींना काम शिकवायचं, राहायला स्वतंत्र खोली. तिने नाही म्हटलं. ताईने ‘जा’ म्हटलं नाही, ‘थांब’ही म्हटलं नाही. धाकटी घराच्या गॅलरीत बसली आणि तिच्या मनात आलं, पुस्तकातल्या त्या दोघींचंही असंच पुरं झालं की. आता काही वर्षांनी त्या दुसऱ्या शहरातली जागा पुन्हा रिकामी झाली होती. खात्याच्या प्रमुख बाई परवाच तिच्या खुर्चीशी येऊन म्हणाल्या होत्या की या खेपेला उत्तर जरा विचार करून दे. विचार कसला, धाकटी हसून म्हणाली होती, माझं ठरलेलं आहे.

आणि त्याच आठवड्यात तो लेखक ग्रंथालयात येऊन थडकला.

ताई तेव्हा आत फोमच्या खोलीत वाचत होती. तिथे बाहेर बॉम्ब फुटला तरी ऐकू जात नाही. धाकटी बाहेरच्या बाकावर तिची वाट पाहत बसलेली. लेखक जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला माणूस. मोटारींच्या घरघरीवर बोलायची सवय, त्यामुळे त्याचं साधं बोलणंही भांडण वाटायचं, आणि आज तो खरोखरच भांडायला आला होता. त्याचं एकुलतं एक पुस्तक त्याला न विचारता वाचून घेतलं, वाटलं, आणि हे त्याला कळलं कसं, तर लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी आंधळ्या गृहस्थाकडून. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि कायदा समजावला. लेखक निम्मं पाणी प्यायला तोवर त्याचा निम्मा राग उतरला होता. चोरी नाही म्हणता तर नाही, म्हणाला. छापलं तेव्हाही कुणी फार वाचलं नाही. इथे कुणी ऐकलं तरी का?

काकांनी अभिमानाने धाकटीकडे बोट केलं असावं, कारण खुर्ची सरकली आणि तो आवाज तिच्या समोर आला. धाकटीने त्याला अख्खं पुस्तक बोलून दाखवलं म्हटलं तरी चालेल. टॉवेलांचं भांडण, साखरेच्या डब्यात घरभाड्याची पावती सापडते ते, सगळं. लेखक आधी हसला, मग हळूहळू गप्प होत गेला. माणसाचं काम कुणीतरी मनापासून वाचलंय हे कळल्यावर तो जसा गप्प होतो तसा. मग हळू आवाजात, त्याला जमेल तितक्या हळू, त्याने विचारलं की तिचं जाणं तुम्हाला पटलं का.

“कुणाचं जाणं?” धाकटी म्हणाली.

“आंधळीचं. घर सोडून जाते ते.”

“ती कुठे जाते? शेवटी दोघी वाटाणे सोलत बसतात.”

“अहो बाई, तो शेवट नाही. त्याच्यापुढे अख्खं प्रकरण आहे. त्याच्यासाठी तर पुस्तक लिहिलं मी.”

धाकटी म्हणाली की असं प्रकरण नाहीये, मी हे पुस्तक कितीतरी वेळा ऐकलंय. लेखकाने पिशवीतून स्वतःची प्रत काढली आणि तिच्या हातात दिली. तिचा अंगठा एका जागी ठेवला, तर्जनी दुसऱ्या जागी. दोहोंच्या मधे कागद होता. चांगला जाड, बोटाला जाणवण्याजोगा. इथे वाटाणे, म्हणाला, आणि इथे समाप्त. मधलं कुठे गेलं?

मधलं कुठे गेलं हे धाकटीला त्याच क्षणी कळलं होतं. शब्दांत कळायला थोडा वेळ लागला इतकंच.

लेखकाचा आवाज पुन्हा चढला. त्याचं म्हणणं सरळ होतं: न विचारता घेतलंत, घ्या; पण माझा शेवट कापून माझ्याच नावावर खपवायला कायदा सांगत नाही. काकांनाही ते पटलं. ते इतके वरमले की त्यांच्या खुर्चीचा आवाजसुद्धा बंद झाला. तेही मुद्रण ऐकून तपासायचे, पण पुस्तक समोर धरून नव्हे. ताईवर कोण संशय घेणार? धाकटीने दोघांना एवढंच विनवलं की आता ती बाहेर येईल, तिच्यासमोर आज काही बोलू नका. आणि ही प्रत मला काही दिवस द्या.

“तुम्ही काय करणार तिचं?” लेखकाने विचारलं, आणि विचारून झाल्यावर ओशाळला.

“वाचणार,” धाकटी म्हणाली.

बसमध्ये ताई नेहमीसारखी खिडकीशी बसून रस्ता सांगत होती. ही तिची जुनी सवय. त्या कोपऱ्यावरचं बुटांचं दुकान रंगवतायत गं, निळं केलंय. एक माणूस कुत्र्याला कडेवर घेऊन चाललाय, कुत्रं त्याच्यापेक्षा जाड. धाकटी एरवी खुदखुदली असती. आज तिच्या मनात आलं, आणि न सांगितलेलं काय? बुटांच्या दुकानाशेजारी काय आहे? त्या माणसाच्या मागे कोण चाललंय? तिच्या डोक्यात जे शहर होतं, रस्त्यांसकट, झाडांसकट, ते सगळं ताईच्या तोंडून आलेलं होतं. त्यातला कुठला रस्ता खरा?

दयाळू माणसांची हीच तर गोम असते. दुष्टाने फसवलं तर चार लोक आपल्या बाजूने उभे राहतात. दयाळू माणूस फसवतो आणि वर लोक आपल्यालाच म्हणतात, अगं, तुझ्यासाठीच केलं ना तिने.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटीने डॉक्टरांच्या अहवालांऐवजी ताईचा आवाज लावला आणि पेडलवर पाय ठेवला. शब्द ऐकायचेच नाहीत असं तिने ठरवलं. फक्त पानं ऐकायची. वाटाणे संपले. प्स्, सळसळ. शांतता. आता तिला त्या शांततेत श्वास ऐकू आले, आणि ते चाळणाऱ्या माणसाचे नव्हते. दोन सळसळींच्या मधे बरोबर तेवढाच वेळ जात होता जेवढा मनातल्या मनात एक पान वाचायला लागतो. ताई यंत्र बंद करायला विसरली होती. ते अख्खं प्रकरण तिने तिथेच, माइकसमोर, एकटीने वाचलं होतं. धाकटीला न देता. आणि धाकटी ते न दिलेलं प्रकरण इतकी वर्षं लाडाने ऐकत आली होती.

मग तिने बाकीची पुस्तकं काढली. तिला काढायची नव्हती, पण हात थांबेना. जिथे नवराबायको दार लावून घेतात तिथे दोन सळसळी लागोपाठ, मधे वाचलेलं काही नाही. जिथे एक आंधळा भिकारी देवाला शिव्या द्यायला तोंड उघडतो तिथे खोकला, आणि लागोपाठ तीन. एका गोष्टीतली पांगळी मुलगी सावत्र भावाच्या दुधाच्या पेल्याशी जाते, तिथेही लागोपाठ दोन. आजवर धाकटीला कळलंच नव्हतं की ते दूध नासकं कशाने झालं. म्हणजे वाईट वागायचा हक्क ताईने सगळ्या पुस्तकांतून तिच्यासारख्यांपासून काढून घेतला होता. आंधळे तेवढे सोशिक, लंगडे तेवढे गोड. धाकटीला वाटायचं, लेखक लोक असेच भाबडे असतात. बिचारे लेखक. त्यांना न विचारता घेतलं, आणि वर भाबडं करून सोडलं.

काही वेळाने तिने कानांवरचं काढून ठेवलं. प्रमुख बाई जवळून गेल्या, बरं नाही का म्हणाल्या. कान दुखतोय, धाकटीने सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी, भांडी आवरून झाल्यावर, तिने ती प्रत टेबलावर ठेवली. ताईने पुस्तक ओळखलं. खुर्ची ओढण्याचा आवाज आला, बसल्याचा आला नाही.

पहिल्यांदा ताई म्हणाली की छपाईत घोटाळा असेल, आमच्या प्रतीत नसेल ते. धाकटीने मुद्रण लावलं. प्स्, सळसळ. शांतता. प्स्, सळसळ. दोघींनी ते उभ्या उभ्या ऐकलं. पेला ठेवल्याचा आवाज आला तेव्हा ताई बसली.

मग तिने बरंच काही सांगितलं. की त्या दिवशी आत बसल्यावर पुढचं पान समोर आलं आणि तोंडातून शब्द फुटेना. की ते पुस्तकातलं आहे, आपलं नाही, हे कळत होतं. पण माझ्याच तोंडाने तुला ते ऐकवायचं कसं? की बाकीच्या पुस्तकांतलं म्हणशील तर त्यात गाळण्यासारखं होतं तेच गाळलं, तू दिवसभर आजारपणं ऐकून येतेस, घरी तरी चांगलं ऐकावं. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. वर्षानुवर्षं केलेल्या कामाचा हिशेब देणाऱ्या माणसाचा थकवा होता. आणि मग, कोंडीत सापडलेला माणूस जे हाताला लागेल ते उचलतो तसं, तिने कायदा उचलला.

“काकाच म्हणतात, यात कुणाला विचारायची गरज नसते.”

“लिहिणाऱ्याला विचारायची गरज नसते,” धाकटी म्हणाली. “मला विचारायची होती.”

ताईने टेबलावरची प्रत उगाच सरळ केली.

“मी नोकरीला नाही म्हटलं तेव्हा तुला माहीत होतं, मी हे पुस्तक ऐकतेय.”

“मी तुला थांब म्हणाले नाही.”

“नाही. तू फक्त पान उलटलंस.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत होतं. धाकटीने पुस्तक ताईच्या बाजूला सरकवलं आणि वाच म्हणाली. ताईने विचारलं की तुझ्या कचेरीत छापलेलं वाचणारं यंत्र आहे ना, ते वाचून दाखवेल. वाचेल की, धाकटी म्हणाली. पण यंत्राने कापलेलं नाही. ज्याने उसवलंय त्याने शिवायचं.

ताईने वाचलं. सुरुवातीला आवाज कागदासारखा कोरडा होता, मग सवयीने लयीत आला, कारण वाचणं हे तिच्या हाडात होतं. पुस्तकातली आंधळी उजाडताना उठते. स्वतःचा कप तेवढा घेते, टॉवेल ठेवून जाते. थोरलीच्या उशाशी उभी राहून तिचा श्वास ऐकते. तिला वाटलेलं असतं की रडू येईल किंवा निदान राग तरी. पण थोरलीचा राग तिला आलेला नसतो, आणि म्हणून परत यायचं काही कारणही उरत नाही. ती दार ओढून घेते. जिन्यात पहिल्यांदाच पायऱ्या न मोजता उतरते, एका पायरीवर पडते, गुडघा फोडून घेते, आणि त्याच पायरीवर बसून पोट धरून हसते. थोरली आत जागी असते. तिने सगळं ऐकलेलं असतं. ती उठत नाही. एवढंच तिला शेवटी जमतं, न उठणं.

प्स्, सळसळ, असं करत ताई शेवटच्या ओळीवर आली. थांबली. मग सवयीने म्हणाली, “समाप्त.”

धाकटीने हात पुढे केला आणि ताईचं बोट जिथे होतं तिथपासून पुढे चाचपलं. पाठच्या पुठ्ठ्याआधी अजून कागद होता.

“अजून पानं आहेत.”

“कोरी आहेत ती.”

 धाकटीने त्या पानांवरून तळवा फिरवला. गुळगुळीत होती. छापलेलीही गुळगुळीतच असतात.

“खरंच कोरी आहेत गं,” ताई म्हणाली. आणि या वेळी तिचा आवाज फुटला, कारण आपण काय गमावलंय हे तिला त्या कोऱ्या पानांनी दाखवलं होतं. “तुझी शप्पथ कोरी आहेत.”

“असतील,” धाकटी म्हणाली.

त्या संध्याकाळी दोघी जेवल्या, भांडी घासली, दिवे ताईने मालवले.  

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या लिफ्टपाशी धाकटी पिशवीत पुस्तक घेऊन उभी होती. शेजारी कुणीतरी होतं. ओल्या छत्रीचा वास, नव्या चपलांची करकर, बाईमाणूस. धाकटीने पुस्तक काढलं, मागचा पुठ्ठा उघडला आणि ती पानं पुढे धरली.

“जरा बघून सांगता का, यावर काही छापलंय?”

त्या बाईने पुस्तक हातात घेतलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. थुंकी न लावता, कोरड्या बोटाने.

“नाही हो. सगळी कोरी आहेत. का?”

“सहज,” धाकटी म्हणाली.

ताई खरं बोलली होती. धाकटीला बरं वाटायला हवं होतं. लिफ्टमध्ये ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिला एवढंच जाणवत राहिलं की ताई खरं बोलली की नाही हे तिने कालपर्यंत कधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि आता तिला ते रोज कुणाला तरी विचारावं लागेल. बुटांचं दुकान निळं आहे का. समोर कोण उभं आहे. दुधात काय पडलं. तेवढा प्रश्न विचारत विचारत एका घरात राहता येत नाही.

तिच्या मजल्यावर दार उघडलं. ती स्वतःच्या खुर्चीकडे गेली नाही. भिंतीला हात न लावता सरळ पुढे चालत गेली, मधल्या कुंडीला धडकली, ‘सॉरी’ म्हणाली, आणि कुंडीला सॉरी म्हटल्याचं लक्षात येऊन तिला हसू फुटलं. प्रमुख बाईंच्या दारावर टकटक केलं तेव्हाही ती हसतच होती.

“या जागेबद्दल मी नाही म्हटलं होतं,” ती म्हणाली. “ते पुस्तक मी तेव्हा पुरं वाचलं नव्हतं.”

बाईंना काही कळलं नाही. पण त्यांनी तिला बसायला सांगितलं.